मालाची वाट आणि गावाचा हिशेब

(किलवणी येथे ग्रामस्थ, अधिकारी आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या वाटेने माल जातो, त्या वाटेचा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत जावा, असे भाग्य फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला येते. दादरा व नगर हवेली हा त्यांपैकी एक प्रदेश होय. १७७९ च्या तहानंतर पेशव्यांनी नगर हवेली १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये पोर्तुगीजांकडे सोपविले, ते गावांच्या वसुलापुरते. पुढे हा वसूल सत्तेत रूपांतरित झाला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा मुलूख मुक्त झाला, तेव्हा दमणहून येथवर येण्याचा मार्ग आपल्याला मिळावा म्हणून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या न्यायालयात भारताविरुद्ध दावा गुदरला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने ठरविले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विलीन झाला, आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, त्या निकालपत्रात माणसांच्या बरोबरीने मालाचा विचार झाला. माल पुढे सरकला नाही तर मुलूख कोंडला जातो, हे त्या खटल्याने जगाला दाखविले. आज येथे कोणी नाके अडवीत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्याराज्यांच्या सीमेवरील करवसुलीचे नाकेही उठले. तरीही गावचा माल बाजारापर्यंत सुखाने, वेळेवर आणि परवडेल अशा भाड्यात पोहोचतो काय, हा प्रश्न शिल्लकच आहे. त्याचे उत्तर आता न्यायालयात नसून हिशेबात आहे.

हा हिशेब शास्त्र म्हणून कसा मांडावा, हे महाराष्ट्रात ज्यांनी प्रथम शिकविले त्यांत प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९०१ मध्ये जन्मलेले गाडगीळ केंब्रिज येथे अर्थशास्त्र शिकून आले आणि १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले संचालक झाले. १९६६ पर्यंत ते त्या पदावर होते. पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्याच्या सूत्राला त्यांचेच नाव मिळाले. परंतु त्यांच्या संस्थेचे आरंभीचे काम अगदी जमिनीवरचे होते. १९३३ मध्ये पुण्याच्या बाजारातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. १९३५ मध्ये एल. व्ही. गोगटे यांच्यासमवेत गाडगीळांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांमधील मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. त्या काळात रेल्वे आणि मोटार यांच्यातील स्पर्धेवर देशभर वाद चालू होता. मोटारींवर नियंत्रण असावे काय, किती असावे, यावर मते पुष्कळ होती, आकडे थोडे होते. अशा वेळी प्रत्यक्ष पाहणी करून मगच बोलावे, ही शिस्त या संस्थेने घालून दिली. मोटार वाहन कायदा त्यानंतर, १९३९ मध्ये आला.

गाडगीळांचे ज्ञान पुस्तकात राहिले नाही. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांचे सहकारी शेतकरी यांनी सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचे पहिले अध्यक्ष प्रा. गाडगीळ होते. ऊस हा वेळेचा माल आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्यातील साखर घटू लागते, वजनही घटते. म्हणून तोडणी कोणत्या फडात, गाड्या किती, गाळप किती वाजता, हे सारे एका साखळीत बांधावे लागते. यालाच आज पुरवठा साखळीचे व्यवस्थापन असे भारदस्त नाव मिळाले आहे. तोडणी आणि वाहतूक कारखान्यानेच संघटित करावयाची, ही सहकारी कारखानदारीतील पद्धत म्हणजे या शास्त्राचा मराठी मातीतील धडाच होय.

आता हे शास्त्र किलवणीच्या वेशीवर आणून पाहू. सिल्वासा शहरात किलवणी नाका म्हणून ठिकाण आहे. तेव्हा गावचे नाव रोज कितीतरी ट्रकचालकांच्या तोंडी असते. या प्रदेशात रेल्वे नाही. जवळची मोठी मालवाहतूक वापी स्थानक आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ यांवरून चालते. पिपरिया, मसाट, खडोली येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, त्यांचा कच्चा माल आणि तयार माल ट्रकनेच येतो व जातो. त्याच रस्त्यावरून भात, नागली, आंबा, भाजीपाला घेऊन शेतकरीही निघतो. कारखान्याचा ट्रक भरून जातो. शेतकऱ्याच्या चार पोत्यांसाठी मात्र गाडी मिळत नाही, मिळाली तर भाडे परवडत नाही. असे का व्हावे?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका गाडीचा बाजारापर्यंत जाऊन परत येण्याचा सारा खर्च ८,००० रुपये आहे आणि तीत ८ टन माल मावतो. गाडी भरून गेली तर किलोमागे १ रुपया पडतो. तीच गाडी अर्धी भरली तर २ रुपये पडतात. गाडी भरून गेली आणि परतीच्या वाटेवर ३,००० रुपयांचे भाडे मिळाले, तर किलोमागे खर्च ६२ ते ६३ पैशांवर येतो. रस्ता तोच, डिझेल तेच, चालक तोच. फरक पडतो तो केवळ गाडी किती भरली आणि रिकामी किती धावली याचा. २० शेतकऱ्यांनी प्रत्येकी ४ क्विंटल माल एकाच दिवशी, एकाच ठिकाणी आणला, तर ही ८ टनांची गाडी भरते. येथे अनुदानाच्याही आधी आवश्यकता आहे ती एकत्र येण्याची आणि वार ठरविण्याची.

दुसरा हिशेब रस्त्याचा. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय येथे मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर भरलेल्या गाड्या सतत फिरवून प्रयोग करण्यात आले. त्यातून निघालेला नियम आजही अभियंते वापरतात. आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी साधारणपणे त्याच्या चतुर्थ घाताने वाढते. भार दीडपट झाला तर हानी पाचपट. भार दुप्पट झाला तर हानी सोळापट. जादा भरलेल्या गाडीने मालक थोडे भाडे वाचवितो, आणि त्याची किंमत खड्ड्यांच्या रूपाने सारा गाव मोजतो. सायकलवरून शाळेत जाणारा मुलगा आणि बाळंतीण घेऊन दवाखान्याकडे निघालेली गाडी या दोघांच्याही वाट्याला तोच खड्डा येतो. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड ठेवला आहे. जादा माल उतरवून घेण्याचीही तरतूद आहे. हा नियम रस्त्याच्या, म्हणजेच गावाच्या रक्षणासाठी आहे, हे ग्रामस्थांनी ओळखले पाहिजे.

तिसरा हिशेब चालकाचा. चाकामागे बसलेला माणूस हा या साखळीतील सर्वांत कमी मोजला गेलेला दुवा आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये झालेल्या कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली होती आणि सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. परंतु माल चढविण्या-उतरविण्यासाठी कारखान्याच्या दारात गाडी तासन् तास उभी राहते, तो वेळ कोण मोजतो? दारातील खोळंबा भरून काढण्यासाठी चालक रात्री झोप मोडून वेगाने गाडी हाकतो, आणि अपघाताचे मूळ रस्त्यावर शोधले जाते. मूळ पुष्कळदा दारातच असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींमध्ये चालकाच्या कक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु गावाच्या हद्दीत सावली, पाणी, शौचालय आणि गाडी उभी करण्यास रस्त्याबाहेर जागा मिळाली, तर चालकाचीही सोय होईल आणि गावाचीही.

शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माल दुसऱ्याच्या गाडीत गेला की तोंडी व्यवहारावर विसंबू नये. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे माल स्वीकारणाऱ्या वाहतूकदाराने पावती द्यावयाची असते. वजन, नग, किंमत आणि भाडे तीत नोंदवून घ्यावे. माल हरवला वा बिघडला तर माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिल्याशिवाय वाहतूकदारावर दावा चालत नाही. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते हे खरे. परंतु ताजी फळे आणि भाजी यांना त्यातून सूट आहे. नियम ठाऊक नसल्यामुळे भिऊन माल घरात ठेवण्याचे कारण नाही.

मोजण्याचे महत्त्व किती, याचे अलीकडचे उदाहरण देशपातळीवरचेच आहे. भारतात मालवाहतूक आणि साठवण यांवरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले, आणि त्यानंतर पद्धतशीर गणित मांडण्यात आले. २०२१-२२ साठी तो खर्च ७.८ ते ८.९ टक्के निघाला. सर्वांच्या तोंडी असलेला आकडा मोजल्यावर टिकला नाही. देशाची ही गोष्ट, तर गावाची काय सांगावी?

म्हणून किलवणीच्या शाळेला एक काम करता येण्यासारखे आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली वरच्या वर्गातील मुलांनी, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसून, एक आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करावी. भरलेल्या किती, रिकाम्या किती, कोणत्या वेळी गर्दी, शाळा सुटण्याच्या वेळी किती. याच आठवड्यात ग्रामपंचायतीने घरोघर विचारून कोणाकडे कोणता माल, कोणत्या महिन्यात, किती निघतो याची यादी करावी. हे दोन कागद शेजारी ठेवले म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या रिकाम्या गाडीत गावचा माल जाऊ शकेल, हे दिसू लागेल. मुलांना गणित शिकता येईल आणि ग्रामसभेला हाती पुरावा मिळेल.

अधिकाऱ्यांसमोर मागणी घेऊन जाणारे गाव पुष्कळ असते. सात दिवसांचा मोजलेला आकडा घेऊन जाणारे गाव विरळा. रस्त्याला गतिरोधक कोठे हवा, जड गाड्यांना कोणत्या वेळी बंदी हवी, गाडी उभी करण्याची जागा कोठे द्यावी, यांवर अशा गावाचे म्हणणे बाजूला सारणे कोणत्याही कचेरीला सोपे जात नाही. या मुलखाच्या वाटेचा निवाडा एकदा हेगला झाला. यापुढचा निवाडा किलवणीच्या ग्रामसभेत, स्वतःच्या वहीतील आकड्यांवर व्हावा. शाळेच्या पुढच्या सोमवारपासून नोंदवही उघडता येईल.