तंबाखूची पेठ : निपाणी, काल आणि आज



गुंजीसारख्या रानपट्ट्यातील गावी निपाणीविषयी बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. बेळगावच्या दक्षिणेस आपण, उत्तरेस ते गाव. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही गावे एकाच जिल्ह्यासह तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी आणि आपले खानापूर महाराष्ट्राला द्यावे, असे म्हटले. २००४ पासून तो वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. सीमेवर पुष्कळ बोलले गेले आहे. आज बोलायचे आहे ते पेठेविषयी.

एका मालावर वाढलेली गावे जगभर आहेत. उत्तर अमेरिकेत फरच्या व्यापारासाठी १६७० साली सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीने ठाणी वसवली. त्यांतले यॉर्क फॅक्टरी हे मोठे ठाणे १९५७ साली बंद झाले. आज तिथे इमारती आहेत, वस्ती नाही. निपाणीचे तसे झाले नाही. का झाले नाही, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

गावाला मोठेपणा आणला तो सिद्धोजीराव नाईक निंबाळकरांनी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले हे मातब्बर सरदार. १८३९ साली ते निवर्तले आणि जहागीर कंपनी सरकारने खालसा केली. पेठ मात्र टिकली, ती रस्त्यांमुळे. पुणे-बंगळूर रस्ता गावावरून जातो आणि फोंडा घाटातून देवगडकडे उतरणारा रस्ता इथेच फुटतो. गुंजीला रेल्वेस्थानक आहे, निपाणीला आजतागायत नाही. तरी व्यापार तिकडे वाढला, हे ध्यानात घ्यावे. एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्यातील बहिष्कृतांची परिषद भरली, तीही याच गावात.

आसपासच्या जमिनीत बिडीचा तंबाखू उत्तम येतो. पावसाळ्यात रोपे लावायची, शेंडे खुडायचे, बगलेतली फूट पुन्हापुन्हा काढायची, म्हणजे सारा कस पानात उतरतो. कापणीनंतर पाने उन्हात वाळवायची. मग माल वखारीत येतो. थप्पीत रचलेला तंबाखू आतून ऊब धरतो. पुढे कुटणे, चाळणे, पाखडणे, आणि तयार होतो तो जर्दा. गुजरातेत चरोतर, इकडे निपाणी, अशी या मालाची दोन नामांकित ठिकाणे. गुजराती व्यापारी इथे येऊन स्थायिक झाले, ते यामुळेच. १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला आणि वखारींत सरकारी नोंदवह्या आल्या. कच्च्या तंबाखूवरचा तो कर १९७९ साली उठला.

या वैभवाची गोष्ट बहुधा व्यापाऱ्याच्या ओसरीवरून सांगितली जाते. मला ती वखारीच्या आतून सांगावीशी वाटते. चाळणीवर बसत त्या बाया. नाकातोंडाला पदर, भोवती खकाणा, डोळ्यांची आग आणि दिवसभराचा ठसका. त्यांत विधवा होत्या, परित्यक्ता होत्या, देवदासीही होत्या. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली. ‘युगांतर’ या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. आपल्या भागातल्या किती शाळांनी तो मुलांना दाखवला असेल?

शेतकऱ्याची कहाणी याला जोडूनच येते. १९७५ च्या कायद्याने तंबाखू मंडळ निघाले, पण त्याची लिलावपद्धती व्हर्जिनिया तंबाखूसाठी. बिडीतंबाखू पिकवणारा बाहेरच राहिला. व्यापारी सांगेल तो भाव, व्यापारी धरेल ती तूट. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून त्यावरच ‘आंदोलननगर’ वसवले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी ठार झाले. किफायतशीर भाव मागणारी ही माणसे कानडी की मराठी, असा प्रश्न त्या रस्त्यावर कुणी विचारला नव्हता.

येथे एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या मालाने हजारो चुली पेटल्या, त्याच मालाने असंख्य छात्या पोखरल्या. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि २००८ ची सार्वजनिक धूम्रपानबंदी योग्यच होती. माझ्या मनात त्याविषयी संदेह नाही. परंतु बिडी वाईट म्हणून बिडीवर जगलेल्यांचे श्रम हलके ठरवणे, हा निवाडा मला मान्य नाही. व्यापार ओसरताना भांडवलवाल्याला दुसरा धंदा मिळतो. चाळणीवरच्या बाईला काय मिळाले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

आज निपाणीभोवती तंबाखू आहे, पण पूर्वीचा दरारा नाही. वेदगंगा-दूधगंगेच्या पाण्यावर ऊस पसरला, त्याच्या जोडीला सोयाबीन आले. हालसिद्धनाथ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे त्रेसष्ट हजार होती, आणि पुढे निपाणी स्वतंत्र तालुकाही झाला. संत बाबामहाराज चव्हाणांशी नाते सांगणाऱ्या दर्ग्याच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही जमतात. गावाच्या वेशीपलीकडे अर्जुननगरला देवचंद महाविद्यालय आहे. ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीची मुले रोज राज्य ओलांडून शिकायला जातात. यॉर्क फॅक्टरीपाशी एवढे रस्ते नव्हते, शेतीही नव्हती, आणि माल संपल्यावर गावातच राहण्यासाठी भांडणारी माणसे तर नव्हतीच.

येथील शिक्षकांना एक विनंती आहे. खानापूर तालुक्यातून, निपाणीतून, जिथून जमेल तिथून जुन्या धंद्यांचे शब्द मुलांकडून टिपून घ्या. चाकी, खकाणा, पाखडण हे शब्द वखारीत बसून वापरलेल्या बाया आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत, आणि त्यांच्या सुना ते शब्द बोलत नाहीत.