रांजण भरणाऱ्यांना ठाऊक होते
(मंडळाच्या वर्धापनदिनी नांदेड येथे दिलेले भाषण)



मी लातूरची. 'प्रभू येशूचे चमत्कार व आपले रोजचे जीवन' या विषयावर चार शब्द बोला, असे तुमच्या चिटणीसबाईंनी कळविले, तेव्हा मी होय म्हटले खरे, पण मागाहून छातीत धडकी भरली. मी काही उपदेशक नव्हे. माझे आयुष्य स्वयंपाकघरात आणि मुलांचे डबे भरण्यात गेले. शिवाय आज ख्रिस्ती नसलेल्या भगिनीही आवर्जून आल्या आहेत. म्हणून मी अद्भुत भागाविषयी थोडेच बोलेन. या गोष्टींत जी खटपट आहे, जी हमाली आहे, तिच्याविषयी मला बोलायचे आहे.

काल सायंकाळी येथे उतरले, तर तुमच्यातल्या एका बाईंनी मला सचखंड गुरुद्वारात नेले. लंगरात आम्हीही पंगतीला बसलो. शेजारी कोण, कुठला, हे कोणी विचारले नाही. मला पाच हजारांच्या भोजनाची आठवण झाली. प्रभूनेही लोकांना असेच ओळींनी गवतावर बसविले होते. एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. जव म्हणजे तिकडच्या गरिबांचे धान्य, आपल्याकडच्या ज्वारीसारखे. आता पाहा, प्रभूने शिष्यांना प्रथम काय सांगितले? तुम्हीच त्यांना खायला द्या. आणि सगळे जेवून उठल्यावर? उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हाताला एवढे सामर्थ्य, त्याला उष्ट्या-उरल्याची चिंता कशाला? पण होती. पंगत उठल्यावर पाठीमागे काय काय आवरावे लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. मला वाटते, त्यालाही ठाऊक होते.

हे झाले सुखाच्या पंगतीचे. दुःखाच्या वेळी काय?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या जिल्ह्यातले कोणी विसरणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. लोक गणपती बोळवून उशिरा झोपलेले. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली गावेच्या गावे बसली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारी ती घरेच माणसांच्या अंगावर आली. हजारो माणसे गेली. माझी नणंद त्या भागात दिलेली होती. तिचा सात वर्षांचा मुलगा त्यात गेला.

पुढच्याच रविवारी आमच्या प्रार्थनासभेत एका गृहस्थांनी सांगितले, की हा पापाचा दंड आहे. बाहेर दुसरे लोक दुसऱ्या देवाचे नाव घेऊन तेच म्हणत होते. मी तेव्हा तरुण होते, गप्प बसले. घरी येऊन लूककृत शुभवर्तमान उघडले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे ठार झाली, ती यरुशलेमेत राहणाऱ्या इतर सर्वांहून अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय, असे प्रभूने विचारले. आणि उत्तरही स्वतःच दिले, की नाही. मग विचारणाऱ्यांनाच बजावले, की तुमच्या पश्चात्तापाचे पाहा. मेलेल्यांचा हिशेब त्याने मांडू दिला नाही. भगिनींनो, कोणाच्या घरी मूल दगावले, कोणाला दुखणे जडले, की आपली जीभ फार लवकर कारण शोधू लागते. त्या गृहस्थांना मी तेव्हाच उठून बोलायला हवे होते, हे मला आजही लागून आहे.

नणंदेला भेटायला गेले, तेव्हा पाऊस पडत होता. लोक हातांनी दगड उपसत होते. मला लाजराची कबर आठवली. तिथेही प्रभूने आधी लोकांनाच सांगितले, धोंड काढा. ज्याच्या हाकेने मेलेला उठला, त्याच्या हाकेने धोंड सरकली नसती काय? पण धोंड माणसांनी काढायची, आणि लाजर बाहेर आल्यावर त्याच्या अंगावरची बांधलेली वस्त्रेही माणसांनीच सोडायची. मधले तेवढे त्याचे.

आणि किल्लारीत? तिथे धोंडी काढल्या, पण आमचा लाजर बाहेर आला नाही. हे मी लपवून ठेवणार नाही. नणंद मला म्हणाली, "वहिनी, मार्थेला भाऊ मिळाला. मला का नाही?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. एवढेच दिसले, की लाजराला आता उठवायचे हे ठाऊक असूनही प्रभू त्या कबरेपाशी जाताना रडला होता. मी तिच्याजवळ बसले. तीन दिवस तिच्या दुसऱ्या मुलीला जेवू घातले, केस विंचरले. पुष्कळ वर्षांनी नणंदेने सांगितले, की त्या दिवसांतले कोणाचे बोलणे तिला आठवत नाही. मुलीची वेणी मात्र आठवते.

आता पाण्याकडे येते. लातूरची बाई बोलायला उभी राहिली आणि पाण्याविषयी बोलली नाही, असे कसे होईल!

गालीलातल्या काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला. तेथे सहा दगडी रांजण होते, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावणारे. आजच्या मापाने सहा रांजणांचे मिळून पाचशे ते सातशे लिटर होतात. आपण बायका हिशेब करू या. पंधरा लिटरची घागर धरली, तरी तीस-पस्तीस ते पंचेचाळीस खेपा! लग्नघरात, पाहुणे बसलेले असताना. प्रभू चाकरांना एवढेच म्हणाला, की रांजण पाण्याने भरा. का, कशाला, काही सांगितले नाही. त्यांनी ते काठोकाठ भरले. पुढे भोजनकारभाऱ्याने रस चाखला, पण तो कुठून आला हे त्याला कळले नाही. योहान लिहितो, की पाणी काढणाऱ्या चाकरांना ते ठाऊक होते. मला हे वाक्य साऱ्या चमत्काराहून गोड वाटते. मानाच्या जागी बसलेल्याला कळले नाही. ज्यांची कंबर दुखत होती, त्यांना कळले.

सन २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. 'जलदूत' तिचे नाव. आमच्या अंगणातल्या बोअरला तेव्हा पहाटे अर्धा तास पाणी येत असे. मी मोटर हळूच लावी आणि कोणाला कळू नये म्हणून पाइपावर पोते टाकी.

पलीकडच्या पत्र्याच्या घरांत एक गवंडीकाम करणारे जोडपे राहत असे. ती पोर एक दिवस फाटकाशी आली. "काकू, एक घागर द्या ना हो. लेकराला ताप आलाय." मी म्हटले, "बाई, आमची बोअर आटली." तिने पोत्याकडे पाहिले. पोते ओले होते. काही न बोलता ती गेली.

त्या रात्री मला माझी आजी आठवली. देगलूरकडच्या एका खेड्यात तिचे लहानपण गेले. गावच्या विहिरीवर तिला चढायची बंदी. घागर खाली ठेवून ती लांब उभी राही. कोणाला दया आली, तर वरून पाणी ओतले जाई. मिशनच्या बाईंनी तिला वाचायला शिकविले, तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःहून वाचली ती शोमरोनी स्त्रीची गोष्ट. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली बाई, आणि यहूदी असूनही तिच्याजवळ पाणी मागणारा प्रभू. आजी म्हणे, "आमच्या हातचं पाणी मागणारा तो पहिला." त्या आजीची मी नात. माझ्या दारातून एक बाई रिकामी घागर घेऊन परत गेली होती!

सकाळी पोते काढले. पाइप फाटकाबाहेर सोडला आणि त्या पोरीच्या घरी जाऊन खोटे बोलल्याचे कबूल केले. फार जड गेले. मूल बरे झाले होते, ही देवाची दया. मग रोज पहाटे सहा-सात घरांच्या घागरी आमच्या फाटकाशी लागू लागल्या.

आमचे पाणी सारफथच्या विधवेच्या तेलासारखे पुरून उरले, असे सांगायला मला फार आवडले असते. तसे झाले नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोअर खरोखरच आटली. यजमान थोडे रागावले. मग मीही टँकरच्या रांगेत. पहिल्या दिवशी पोहोचायला उशीर झाला, रांग पार कोपऱ्यापर्यंत गेलेली. मी मुकाट्याने शेवटी उभी राहिले. तेवढ्यात पुढून हाक आली, "काकू, इकडं या. तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय." तीच पोर होती. तिने आपल्या घागरीपुढे एक वीट ठेवली होती, माझ्या नावाची.