इस्पितळातून घरी आल्यानंतर





आपल्या समाजवळ, म्हणजे समा वस्तीजवळ, लष्कराच्या ई. एम. ई. दलाचे विद्यालय आहे. १९६६ साली ब्रिगेडियर यूजीन ह्या ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या पुढाकाराने तेथे उभे राहिलेले दक्षिणामूर्तीचे मंदिर आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. त्याच दलात सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे जवान होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. तेथे जाण्याच्या तिकिटासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचे साहाय्य झाले होते.

ही गोष्ट वर्गात सांगायला मला फार आवडते. पण मुलांना पदक तेवढे आठवते. मणक्याला अशी इजा झालेल्या माणसाला अनेकदा कमरेखाली वेदनाच कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर अंगाखाली जखमा होऊन चिघळतात. मूत्रमार्गाचे विकार पाठीस लागतात. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. तेथे शिकलेली माणसे हाताशी असतात. घरी मात्र रात्री दोन वाजता उठणारी असते ती बायको, नाहीतर म्हातारी आई. तिच्या दुखणाऱ्या कमरेचे औषध कोणाच्या खाती लिहायचे?

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी जमतो. २००३ पासून निवृत्तिवेतन घेणारे माजी सैनिक व त्यांच्यावर अवलंबून असणारे यांच्यासाठी अंशदायी आरोग्य योजना आहे. परंतु शिपायाला निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः १५ वर्षांची नोकरी लागते. त्याआधी परतलेला त्या योजनेत सहसा बसत नाही. आणि जो बसतो, त्याच्याही घरी सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज काही भरून निघत नाही.

माझी सूचना अशी, की न्यासाने वैद्यकीय मदतीतील ठरावीक रक्कम ह्या कुटुंबांसाठी वेगळी काढावी. गरजू घरांची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावी. त्या माणसांना अर्ज घेऊन आपल्या दारी उभे करू नये. आपल्यापैकी दोघांनी त्यांच्याकडे जावे. जिला झोप नाही तिच्यासाठी आठवड्यातून दोन रात्री मदतनीस बाई ठेवावी. नावे छापू नयेत. आम्ही सदका देतो तो उजव्या हाताचा डाव्याला कळू नये म्हणून जपतो, आणि मराठीतही तसेच म्हणतात. शाल-श्रीफळ देऊन छायाचित्र काढण्याचा मोहही आवरावा. (हे मी आपण दिलेली शाल पांघरूनच बोलतो आहे, क्षमा असावी.)

पहिल्या वर्षी पाच घरे पुरेत, पण ती वर्षभर सोडू नयेत. पाहणीला जाण्यासाठी रविवारी सकाळी मी मोकळा असतो.