डिझेल कोणी प्यायले?

श्रोतेहो, वाळूज-शेंद्र्याला भाड्याने लागलेली एसयूव्ही एकाएकी डिझेल जास्त खाऊ लागली, की मालकाचा पहिला संशय चालकावर जातो आणि पगार कापला जातो. आम्ही म्हणतो, आधी मोजा, मग बोला. टाकी भरा, २०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा भरा. नेमका हिशेब हाती येईल. कन्नडच्या घाटातली फेरी मात्र सपाटीच्या फेरीशी तोलू नका. मग टायरांतली हवा व एअर फिल्टर पाहा. एकच चाक जास्त तापत असेल, तर बहुधा ब्रेक चिकटला आहे. इंजिन तापतच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल. थंड इंजिन डिझेल अधिक मागते. टाकीखालची ओलही तपासा. दोष यंत्राचा आणि दंड माणसाला, हा न्याय नव्हे.