क्वांटम दूरप्रेषण : काय जाते, काय जात नाही



‘टेलिपोर्टेशन’ हा शब्द वर्तमानपत्रात वाचून एखादा विद्यार्थी विचारील, “गुरुजी, माणूस येथे अदृश्य होऊन तेथे प्रकट होतो काय?” या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, परंतु ते तसे का, हे समजावून देण्यातच विज्ञानाचे शिक्षण आहे.

क्वांटम दूरप्रेषणात वस्तू जात नाही. सूक्ष्म कणाची अवस्था जाते. ती मोजून कळवावी म्हटले, तर मोजण्यानेच ती बदलते. अज्ञात अवस्थेची हुबेहूब नक्कलही काढता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झाले. या अडचणीतून मार्ग १९९३ साली चार्ल्स बेनेट व त्यांचे पाच सहकारी यांनी दाखविला.

प्रथम परस्परांशी निगडित अशा दोन कणांची जोडी घ्यावयाची. त्यांतील एक कण पाठविणाऱ्याकडे व दुसरा घेणाऱ्याकडे असतो. ज्या कणाची अवस्था पाठवावयाची, तो कण व आपल्याजवळचा जोडीतील कण यांचे पाठविणारा एकत्रित मापन करतो. त्याची चार उत्तरे संभवतात. आलेले उत्तर तो दूरध्वनीसारख्या साध्या साधनाने कळवितो. त्यानुसार घेणारा आपल्या कणावर ठरावीक क्रिया करतो, आणि ती अवस्था त्याच्या कणात उतरते. मूळ कणातून ती मापनासमयीच लोपलेली असते. म्हणून ही नक्कल नव्हे, स्थलांतर होय.

साधा निरोप पोहोचल्यावाचून हे कार्य पुरे होत नाही. आणि निरोप प्रकाशाहून वेगाने जात नाही. तेव्हा येथे निसर्गनियमाचा भंग कोठेही नाही.

१९९७ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे अँटोन झायलिंगर यांच्या गटाने प्रकाशकणांवर हा प्रयोग केला. २०१७ साली चिनी शास्त्रज्ञांनी तिबेटमधील केंद्रातून ‘मिशियस’ उपग्रहापर्यंत, सुमारे १,४०० किलोमीटर अंतरावर, एकेका प्रकाशकणाची अवस्था पाठविली. क्वांटम संगणक परस्परांशी जोडण्यास ही रीत उपयोगी पडावी, अशी अपेक्षा आहे.

अशी वार्ता वर्गात आली की मुलांकडून तीन प्रश्न विचारवून घ्यावेत : प्रत्यक्ष काय गेले? मूळचे काय झाले? निरोप कोणत्या वाटेने पोहोचला? चमत्कार आणि विज्ञान यांतील भेद ओळखण्याची सवय मुलांना अशा प्रश्नांनीच लागेल.