‘पोस्ट’ : उच्चार एक, घराणी तीन

‘पोस्टात जाऊन ये’, ‘त्याला चांगली पोस्ट मिळाली’, ‘चेंडू गोलपोस्टला लागला’, ‘पोस्टमॉर्टेमचा अहवाल आला’, ‘तिची फेसबुकवरची पोस्ट वाचलीस का?’ ही पाचही वाक्यं आपण रोजच्या मराठीत बोलतो. पण टपाल, नोकरी, खांब आणि मरणोत्तर तपासणी यांचा एकमेकांशी संबंध काय? शाळेतली मुलं इथं गोंधळतात आणि अर्थांची यादी घोकत बसतात. खरं म्हणजे हा अनेक अर्थांचा एक शब्द नाहीच. वेगवेगळ्या घराण्यांतले शब्द इंग्रजीत येऊन एकाच उच्चाराचे झाले आहेत.

पहिलं घराणं खांबाचं. लॅटिनमध्ये ‘पोस्टिस’ म्हणजे दाराच्या चौकटीचा उभा खांब. हा शब्द इंग्रजीत फार जुन्या काळी आला. लॅम्पपोस्ट आणि गोलपोस्ट याच घरातले. पूर्वी जाहीर सूचना खांबांवर ठोकत असत. त्यामुळे ‘पोस्ट करणं’ म्हणजे चारचौघांना दिसेल असं लावणं, हा अर्थ रुजला आणि त्यातूनच पोस्टर हा शब्द निघाला. फेसबुकवरची पोस्ट याच अर्थाची. खांबाच्या जागी पडदा आला, पण सगळ्यांनी वाचावं हा हेतू तोच राहिला.

दुसरं घराणं सर्वांत मोठं. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं आणि ‘पोझिटुम’ म्हणजे ठेवलेलं. त्यापासून इटालियन भाषेत दोन शब्द झाले, ‘पोस्टा’ आणि ‘पोस्टो’. फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले आणि तिथं दोघांचाही ‘पोस्ट’ झाला.

‘पोस्टा’ म्हणजे रस्त्यावर ठरावीक अंतराने घोडे आणि स्वार सज्ज ठेवलेला टप्पा. 1490 च्या सुमारास हॅब्सबर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनसाठी टॅक्सिस कुटुंबानं असे टप्पे उभारले. आजच्या ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकपासून बेल्जियममधल्या मेखेलेनपर्यंत पत्रं एका स्वाराकडून दुसऱ्याकडे जात. आधी टप्प्याला, मग तिथल्या स्वाराला आणि शेवटी त्याच्या थैलीतल्या पत्रांना ‘पोस्ट’ म्हणू लागले. इंग्लंडमध्ये 1635 साली पहिल्या चार्ल्स राजानं आपली टपालव्यवस्था लोकांसाठी खुली केली आणि राजदरबाराचा हा शब्द घरोघरी पोचला.

‘पोस्टो’चा प्रवास वेगळा. सैनिकाला जिथं उभं करून ठेवायचं, ती नेमून दिलेली जागा म्हणजे पोस्टो. सरहद्दीवरच्या चौकीला आपण पोस्ट म्हणतो ते त्यामुळेच. पुढे कचेरीतल्या नेमणुकीलाही तेच नाव मिळालं. म्हणजे पोस्टमन आणि साहेबांचं पोस्टिंग हे एकाच कुळातले.

या कुळाचे आणखी काही सदस्य आपल्या अगदी ओळखीचे आहेत. बँकेत ठेवलेलं ते डिपॉझिट. आपला एसटीचा डेपो हा त्याच लॅटिन शब्दाचा फ्रेंच अवतार. आणि पालापाचोळा, शेण एकत्र रचून ठेवलेलं ते कंपोस्ट. शेतातला खड्डा, गावातला डेपो आणि तालुक्याचं पोस्ट ऑफिस यांचं मूळ एकच निघावं, याचा आनंद मला आजही तितकाच होतो.

तिसरं घराणं ‘नंतर’चं. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. मृत्यूनंतरचं ते पोस्टमॉर्टेम, पदवीनंतरचं ते पोस्ट ग्रॅज्युएट. घड्याळातलं पी. एम. म्हणजे ‘पोस्ट मेरिडिएम’, मध्यान्हानंतर. आपण पत्राखाली ता. क. लिहितो, इंग्रजीत तिथं पी. एस. येतं, त्यातलंही ‘पोस्ट’ हेच. सभा ‘पोस्टपोन’ होते, तेव्हा तर दोन घराण्यांची सोयरीक जुळते : ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं.

मात्र नुसत्या सारखेपणावर विसंबू नका. मरणोत्तर या अर्थाचा इंग्रजीतला ‘पॉस्ट्युमस’ हा शब्द पाहा. मूळ लॅटिन शब्द ‘पोस्टुमुस’, म्हणजे सर्वांत शेवटचा. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलालाही तो लावत. पुढे लोकांनी त्याचा संबंध ‘हुमुस’ म्हणजे मातीशी जोडला आणि त्या समजुतीपायी स्पेलिंगमध्ये नसलेला ‘एच’ शिरला. तर्क कितीही पटला तरी पुरावा पाहायलाच हवा, हे या एका अक्षरातून शिकावं.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझं मनापासून सांगणं आहे. मुलांना अर्थांच्या याद्या पाठ करायला लावू नका. चांगला इंग्रजी शब्दकोश त्यांच्या हाती द्या आणि प्रत्येक शब्दापाशी बारीक अक्षरात छापलेली व्युत्पत्ती त्यांच्यासोबत बसून वाचा. एकदा मूळ कळलं की अर्थ लक्षात ठेवावे लागत नाहीत, ते लक्षात राहतात.