पाण्याची मर्यादा

बोरिंगचे पाणी नितळ दिसते म्हणून आम्ही ते बिनघोर पितो. त्यातले फ्लोराइड डोळ्यांस दिसत नाही. दातांवरचे डाग नि हाडांचा ताठरपणा मागाहून दिसतो. २०१२ च्या भारतीय मानकाने त्याची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम ठरविली आहे. दुसरे पाणी मिळतच नसेल, तरच १.५. (नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढे मुळीच सवलत नाही.) आता तापीच्या काठी राहून ‘दुसरे पाणी नाही’ असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? उधना-लिंबायतच्या आमच्या वस्त्यांसही १ हाच आकडा हवा. परंतु हे मानक पाळणे नगरपालिकांवर कायद्याने बंधनकारक नाही! सरकारने ते तसे करावे, ही आमची मागणी आहे. तोवर आपल्या सभागृहाच्या बोरिंगचे पाणी विश्वस्तांनी तपासून घ्यावे व आकडे दारावर लावावेत. खर्चाची वर्गणी आम्ही आजच गोळा करतो.